मानाचं वस्त्र

आपल्या कट्टा-पेंडूर भागात दशावताराच्या रात्री एक गंमत आपण सगळेच पाहतो. दिवसा शेतात चिखल तुडवणारा गडी भरजरी शेला घेऊन उभा राहिला, की त्याला राजा म्हणायला कुणाची ना नसते. नाटकात हे चालतं. इतिहासात मामला इतका सोपा नव्हता.

मराठी राज्यात ‘वस्त्रं मिळाली’ म्हणजे पद मिळालं. थोरल्या बाजीरावांना १७२० साली शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं दिली. पराक्रमी सरदाराला शिरपाव मिळे. नावातच शिरापासून पायापर्यंतचा पोशाख आला.

या मानाच्या कापडांत पैठणीचा थाट वेगळाच. गोदाकाठचं पैठण आणि नाशिककडचं येवलं ही तिची गावं. पदरावरचा मोर छापलेला नसतो की भरलेलाही नसतो, तो विणतानाच उमटतो. प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याची कांडी निराळी. विणकर धागे मोजून ती हाताने फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. भारी पदराला महिनेच्या महिने जातात. जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. लुगडं विरलं की ते जाळून चांदी काढून घेत. जुन्या पैठण्या आज फारशा दिसत नाहीत, त्याचं हेही एक कारण. आणि ज्याने ती विणली, त्याच्या घरच्या बाईला ती नेसायला मिळाली असेल असं मला तरी वाटत नाही!

पण पैसा नाही म्हणून भारी वस्त्र नाही, हे एक. साधं लुगडंसुद्धा कसं नेसायचं हे जातीने ठरवायचं, हे निराळं. आपल्याच कोकणात, महाडला, डिसेंबर १९२७च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायांशी मुद्दाम वेगळं बोलले. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून नेसणं आणि हातागळ्यात जडशीळ दागिने घालणं ही अस्पृश्यतेची ओळख होऊन बसली आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. कापड फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असावं, हेही सांगितलं. ते ऐकून कित्येक बायांनी तिथेच नेसण बदललं. लुगडी तीच होती, काठ घोट्यापर्यंत खाली आला होता.