रानकांदा

रानकांदा (कोळकांदा, सं. वनपलांडू, कोलकंद) : किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत आणि कोरड्या माळांवर, डोंगरउतारांवर उगवणारी कंदवर्गीय वनस्पती. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. जुन्या ग्रंथांत अर्जिनिया इंडिका. पूर्वी तिचा समावेश पलांडू कुलात होत असे, आता शतावरीच्या कुलात होतो. महाराष्ट्रात ती कोकणात आणि घाटावरही आढळते.

ऐन उन्हाळ्यात, जमिनीवर एकही पान नसताना, कंदातून सरळ दांडा वर येतो. त्यावर विरळ, खाली झुकलेली, मळकट पांढरी फुले लागतात. प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवट पट्टा असतो. लांब, चपटी पाने पावसाबरोबर येतात. कंद दिसायला थेट कांद्यासारखा, पापुद्र्यांचा. मात्र कापला तर कांद्याचा वास येत नाही. चिकट रस हाताला लागताच खाज सुटते. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक हे तिचे कारण.

कंदाचे बाहेरचे सुके पापुद्रे काढून टाकतात आणि आतल्या भागाच्या चकत्या करून वाळवतात. त्या हवेतला ओलावा पटकन शोषतात, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवाव्या लागतात. जुनाट खोकल्यात कफ सुटण्यासाठी, अंगावरची सूज उतरून लघवी साफ होण्यासाठी आणि हृदयाला बळ देण्यासाठी हा कंद अत्यल्प मात्रेत देत. तळपायाच्या कुरुपांवर आणि चामखिळींवर तो बाहेरून लावतात. भूमध्य सागराकाठचा त्याचा भाऊबंद, ड्रिमिया मॅरिटिमा, ग्रीक वैद्यकात प्राचीन काळापासून होता. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने त्याचा सिरका सांगितला आहे. तीच परंपरा युनानी वैद्यकात आली आणि हकीम त्याच्या जागी भारतीय कंद वापरू लागले.

औषधी गुण आणि विषारीपणा एकाच द्रव्यवर्गातून येतात. प्रोसिलॅरिडिन-ए, सिलॅरेन-ए ही कंदातली ग्लायकोसाइडे हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवतात आणि ठोके मंदावतात. गुणकारी आणि घातक मात्रांत अंतर फार थोडे. त्यातून प्रत्येक कंदातले प्रमाण वेगळे. भूमध्य सागरी जातीचा लाल प्रकार उंदीर मारायला वापरत, कारण उंदराला ओकारी होत नाही. माणसाला मळमळ, उलट्या, जुलाब होतात, नाडी मंद आणि अनियमित होते. त्यामुळे घरगुती काढा म्हणून हा कंद मुळीच घेऊ नये. गरोदर स्त्रियांना तो वर्ज्य आहे, आणि हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनाही, कारण दोहोंचा परिणाम एकमेकांत मिळून वाढतो.