जॅक आणि घोडी

बैल सोडल्यावर गाडीचे जू जमिनीला लागू नये म्हणून जो लाकडी दांडा पुढे टेकवीत, त्याला मराठी शेतकऱ्याने ‘शिपाई’ असे नाव दिले आहे. नाव मोठे मार्मिक आहे. शिपाई गाडी ओढीत नाही, वळवीत नाही, उचलीतही नाही. नेमून दिलेल्या जागी तो उभा राहतो, एवढेच त्याचे काम. धारवाड जिल्ह्यातील कापूस ज्या काळी बैलगाड्यांनी हुबळीच्या बाजारात येत असे, त्या काळी कितीतरी गाड्या अशा शिपायांवर विसावलेल्या दिसत असतील. चाक काढून आसाला वंगण घालावयाचे झाले, तर दोघांनी खांद्याने गाडी उचलून धरावी आणि तिसऱ्याने आसाखाली ठोकळा सरकवावा, ही साधी रीत. उचलणारे खांदे निराळे, पेलणारा ठोकळा निराळा. खांदा थकतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नुसत्या खांद्यावर धरलेल्या गाडीखाली कोणी निजत नसे.

पुढे यंत्र आले. यंत्र थकल्याचे तोंडावर दिसत नाही. त्यामुळे जे उचलते तेच पेलूनही धरील, असा एक समज रूढ झाला. घरच्या अंगणात मोटारीखाली शिरणाऱ्या माणसाचा घात बहुधा ह्याच समजाने होत आला आहे.

हुबळी शहराला हा भेद शिकविणारी एक मोठी शाळा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक हा सारा टापू होरपळून निघाला; धान्य असूनही ते पोहोचविण्यास वाट नव्हती. त्यातून १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि १८८५ च्या सुमारास तिने हुबळीस आपला दुरुस्तीचा कारखाना काढला. मालक बदलत गेले. १९०८ साली ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ साली दक्षिण रेल्वेत गेली, आणि २००३ पासून हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्य ठाणे झाले. कारखाना मात्र तेथेच राहिला.

अशा कारखान्यात डबा दुरुस्तीस आला म्हणजे प्रथम त्याचे धड चाकांपासून वेगळे करावे लागते. ब्रॉडगेजचा नेहमीचा प्रवासी डबा ३५ ते ४० टनांच्या घरात जातो. तो दोन क्रेनांनी उचलतात, किंवा चार कोपऱ्यांना चार जॅक लावून चारही एकाच गतीने चढवितात. एक कोपरा मागे राहिला तर डबा कलतो. खालचे चाकांचे गाडे, ज्यांना कारखान्यात बोगी म्हणतात, ते रुळावरून बाहेर ढकलले जातात. आणि मग, श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही की, डबा तसाच अधांतरी ठेवीत नाहीत. तो लोखंडी घोड्यांवर उतरवितात. क्रेनचा साखळदंड कितीही जाड असो, माणूस खाली जातो तो डबा घोडीवर बसल्यानंतर. क्रेन पुढच्या डब्याकडे निघून जाते आणि घोडी दिवसचे दिवस तशीच उभी असते. बैलगाडीच्या शिपायाचेच हे लोखंडी रूप.

घोडीचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण तिच्यात लिहिण्यासारखे काही नाही. चार पाय आणि वर एक आडवे, संपली घोडी. जॅकचा इतिहास मात्र मोठा दिमाखदार आहे. मळसूत्राचा स्क्रू हा त्याचा जुना पूर्वज. त्याचे आटे पुरेसे निरुंद असले म्हणजे घर्षणामुळेच ते अडून राहतात. भार आपण होऊन स्क्रू उलटा फिरवू शकत नाही. संथ, पण इमानी असे हे हत्यार आहे. १७९५ साली जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्याचे पेटंट घेतले. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोचतो, हे पास्कालचे तत्त्व त्याच्यामागे होते. लहान दट्ट्यावर थोडे बळ द्यावे आणि मोठ्या दट्ट्याने पर्वत उचलावा, अशी ती करामत. परंतु दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. ही अडचण सोडविली ती ब्रामाच्या हाताखालच्या हेन्‍री मॉड्स्ले ह्याने, असे सांगतात. त्याने कातड्याची अशी वाटी बसविली की दाब जितका वाढावा तितकी ती अधिक घट्ट बसावी. १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन ह्याने हेच तत्त्व हाताने नेता येईल अशा जॅकमध्ये आणून पेटंट मिळविले. आज मोटारीच्या दुकानात जो बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक मिळतो, तो त्याच्याच वंशातला.

ह्या वंशावळीत कातड्याच्या त्या वाटीकडे लक्ष द्यावे. पाण्याच्या जागी तेल आले, कातड्याच्या जागी रबर आले, तरी सारा भार अखेर त्या एका वॉशरवर विसंबून असतो. वॉशर झिजला, त्याच्या कडेला लोखंडाचा एक कीस अडकला, अथवा तेल सोडण्याचा स्क्रू अर्धवट आवळला गेला, की दट्ट्या खाली बसू लागतो. कधी तासाभरात बोटभर, कधी क्षणात सगळा. तेलाचा जॅक हा खांदा आहे, शिपाई नव्हे. स्क्रूचा जॅक त्या मानाने विश्वासू खरा, पण मोटारीबरोबर जो चिमट्यासारखा घडीचा जॅक येतो त्याचा पाय तळहाताएवढा. रस्त्यात चाक बदलण्यापुरता तो दिलेला असतो. गाडी थोडी कडेला सरकली की तो आडवा होतो.

मोटारीच्या धंद्यातील जाणत्यांना हे लवकरच उमगले. काहींनी गाडी उचलण्याऐवजी माणसालाच खाली उतरविले व गॅरेजमध्ये खड्डे खणले. खड्ड्यात गाडी अंगावर पडण्याचे भय नाही, पण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे तेथे साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणजे एक भय टाळून दुसरे पत्करले. अमेरिकेत मेम्फिस येथील पीटर लुनाटी ह्याने १९२५ च्या सुमारास अख्खी मोटार खांबावर उचलून धरणारे यंत्र तयार केले, आणि मोठ्या गॅरेजांतून तेच पुढे रूढ झाले. घरच्या अंगणात ह्यातले काहीच नसते. तेथे जॅक असतो, आणि आठवड्यातून एक रविवार.

आपल्याकडे हा रविवार विशेष महत्त्वाचा होता. परवान्यांच्या राजवटीत फियाट नोंदविली की ती दाराशी येईपर्यंत वर्षे लोटत. साहजिकच मिळालेली गाडी वीस-वीस वर्षे जतन केली जाई. अँबेसिडर आणि फियाट ह्या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठराविक काळाने ग्रीस भरावे लागे, नाहीतर सांधे करकरू लागत. ग्रीसगन घेऊन गाडीखाली जाणे हा अनेक गृहस्थांचा नित्यक्रम होऊन बसला. १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि हे ग्रीसचे काम पुष्कळ उणावले. पण सायलेन्सर, इंजिनातले ऑइल आणि गंजलेले पत्रे ह्यांनी माणसाला गाडीखाली नेणे काही सोडले नाही.

ह्याच सुमारास गाडीच्या पोटात झालेला एक बदल फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. जीप, ट्रक आणि जुन्या अमेरिकन मोटारी ह्यांना खाली पोलादी तुळयांची चौकट असते. त्या तुळईखाली कोठेही टेकू द्यावा, ती पेलते. १९५३ ची फियाट ११०० आणि ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबेसिडर घडली ती गाडी, ह्यांना अशी निराळी चौकटच नव्हती. दुमडून जोडलेले पत्रे हाच त्यांचा सांगाडा. अशा गाडीला ठरलेल्या जागीच आधार द्यावा लागतो. वीतभर चुकले तर घोडीचे डोके जमिनीच्या पत्र्यात घुसते. त्यातून गाडी कारवार-अंकोल्याकडची, म्हणजे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात राबलेली असेल, तर ठरलेली जागाही आतून पोखरलेली असू शकते. वरून रंग शाबूत असतो. हातोडीचे लाकडी टोक ठोकून पाहिल्यावाचून ते कळत नाही.

आणि गाडीच्या खालची भूमी? हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे खरी, पण त्यांची माती जुळी नव्हे. धारवाडची माती मलनाडच्या कडेची, तांबूस. हुबळीहून पूर्वेस काळ्या कापशी जमिनीचे राज्य सुरू होते. ही काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि ओली असता जॅकचा पाय लोण्यातल्या सुरीसारखा आत घेते. धारवाडच्या जुन्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते. ती बसवितांना खाली पोकळी राहिलेली असेल, तर एका बिंदूवर आलेल्या भाराने तिचे दोन तुकडे होतात. जॅकखाली किंवा घोडीखाली जाड फळी घालून भार पसरवावा लागतो तो ह्यासाठी. टेकू म्हणून विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचण्याची सवय तर सर्वांत वाईट. भिंतीत पसरलेला भार ते वर्षानुवर्षे वाहतात. गाडीची कड एका रेघेत टेकली की ते वाकत नाहीत, कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. लाकूड निदान आधी आवाज करते. रेल्वेचा जुना सागवानी स्लीपर कापून केलेले जाड ठोकळे, चौकीसारखे आडवे-उभे रचलेले, हे गरिबाचे पण भरवशाचे साधन आहे.

गाडी घसरते ती नेहमी खालीच असे नव्हे. ती पुढेमागेही घसरते. यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरणाऱ्या अरबैल घाटात ट्रक थांबला की क्लीनर प्रथम उडी टाकून चाकाखाली लाकडाचा गुटका किंवा दगड सारतो. ड्रायव्हरने ब्रेक ओढलेला असला तरी सारतो. (काम झाल्यावर तो दगड रस्त्यातच टाकून जाण्याची खोड मात्र निंद्य आहे, मागून येणाऱ्याला तो अंधारात दिसत नाही.) शहरातला मोटारमालक ब्रेकवर अधिक श्रद्धा ठेवतो. हातब्रेक बहुधा मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की ती चाके अधांतरी होतात आणि पुढची मोकळीच असतात, हे त्याला सुचत नाही. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव करणे ही क्लीनरची विद्या येथे उपयोगी पडते.

कायद्याने ह्या बाबतीत अंगणाकडे पाठच फिरविली होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे एकोणतिसावे कलम भार उचलणाऱ्या यंत्रांविषयीचे. क्रेन, कप्पी, साखळ्या, दोर ह्यांची बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी, असे त्यात सांगितले होते. यंत्रांची नावेही मोजून दिली होती. त्या नावांत जॅक नाही. शिवाय विजेवर चालणाऱ्या कामाच्या जागी दहा आणि एरवी वीस कामगार असतील तरच ती जागा कारखाना ठरे. हुबळीच्या गल्लीतले तीन माणसांचे गॅरेज त्यात बसले नाही, मग केशवापूरच्या किंवा मालमड्डीच्या घरापुढील अंगण कोठून बसणार? रेल्वेच्या कारखान्यात डबा घोडीवर टेकल्यावाचून खाली न जाण्याची शिस्त होती. कुंपणाच्या अलीकडे, त्याच गावात, ज्याची त्याची बुद्धी होती.

आज दुकानातून तीन पायांच्या लोखंडी घोड्या जोडीने मिळतात व त्यांची किंमत एका टायरपेक्षा अधिक नसते. तरी घोडी म्हणजे निर्दोषच असे समजू नये. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला आपल्या घोड्या लाखोंच्या संख्येने परत मागवाव्या लागल्या. दातेरी पट्टीत अडकणारी खीळ पुरती न बसल्यामुळे धक्क्याने घोडी खाली येऊ शकत होती. बदली म्हणून दिलेल्या मालातही काहींच्या जोडकामात दोष निघाला. म्हणून पुष्कळ जुने मिस्त्री दात्यांपेक्षा आरपार भोकातून घातलेला जाड खिळा पसंत करतात, आणि ते योग्यच दिसते. खिळा बसला की नाही हे डोळ्यांना दिसते.

असे मिस्त्री गाडी घोड्यांवर उतरवितात, मग जॅक पुन्हा नुसता स्पर्श होईल इतका वर आणून ठेवतात. काढलेले चाक ते भिंतीला टेकवून ठेवीत नाहीत. ते आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवितात, म्हणजे सारेच ढासळले तरी वीतभर जागा उरावी. त्यानंतर गाडीला दोन्ही हातांनी चांगले हलवून पाहतात. पडायचीच असेल तर ती तेव्हाच पडावी. आणि घरातल्या कोणाला तरी पायरीवर बसवितात. हाक मारली तर ऐकू येईल, एवढ्यावर ते विसंबत नाहीत. कारण छातीवर भार आलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. पायरीवर बसलेल्या मुलाने वडिलांचे पाय हलताहेत की नाहीत हे पाहावयाचे असते, आणि दुसरा जॅक कोठे ठेवला आहे हे त्याला आधीच दाखवून ठेवलेले असते.