डाग आणि पारपत्र

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे नाव ठाऊक नाही असा सोलापूरकर विरळाच. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर बोलपट काढला आणि ते नाव घरोघर गेले. पण या कथेच्या आरंभीच एक दुमडलेला कोपरा आहे. वर्गात मी तो मुलांना हटकून उलगडून दाखवतो.

जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. वर्गणी जमली, पाच डॉक्टरांचे पथक ठरले. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, ते स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा करून आलेले. शिवाय नागपूरचे वडीलधारे डॉ. चोळकर, आमचे कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी, आणि पाचवे तिथलेच डॉ. रणेन सेन. या सेनांना सरकारने पारपत्रच नाकारले! राजकीय पूर्वचरित्र आडवे आले. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोट मुंबईहून सुटली.

त्या काळी पारपत्र हा प्रजेचा हक्क नव्हता, सरकारची मेहेरबानी होती. ती कोणावर करायची हे ठरवताना पोलिसांच्या दप्तरातली एक ओळ डॉक्टरी पदवीला भारी पडे.

आणि अशा ओळी आमच्या गावात थोड्या का होत्या? मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला. कितीजणांना सक्तमजुरी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. कोटणीस तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्या दिवसांत एखाद्या मिरवणुकीत सापडून त्यांना सहा महिन्यांची जरी शिक्षा झाली असती, तरी मला वाटते, त्यांचेही पारपत्र मुंबईतच अडले असते. वीर आणि गुन्हेगार यांच्यात कधीकधी एवढेच अंतर असते, वाचकहो.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. गोव्याच्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना पोर्तुगीजांनी १९४६ साली आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातल्या पेनीश किल्ल्यात धाडले. पुढे ते निसटून पॅरिसला पोचले आणि १९५३ साली मुंबईत उतरले. लिस्बनच्या लेखी ते गुन्हेगार. मुंबईकरांच्या लेखी पुढारी.

परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले. त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल निदान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर ती ठोठावल्यापासून पाच वर्षांपर्यंत पारपत्र नाकारता येते. त्यानंतर ते कारण उरत नाही. डागाला मुदत घातली, हे मला त्या कायद्यातले शहाणपण वाटते. अर्थात परक्या देशाचा दरवाजा त्यांचा. तिथे त्यांचे नियम.

चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परतायला पारपत्र हाताशी होते, पण ते परतले नाहीत. जपान्यांची फळी ओलांडून ते उत्तरेकडे गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. सेनांच्या जागी गेलेले बसू १९४३ साली परत आले.