भंडारा जिल्ह्यातील शेतकी कर्ज आणि तडजोडीचा मार्ग

भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात तलावांचा उल्लेख जितक्या अगत्याने होतो, तितका कर्जाचा होत नाही. वस्तुतः या दोहोंचा संबंध निकटचा आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथील धानशेती उभी राहिली. ज्या वर्षी पाऊस दगा देई आणि तलाव भरत नसे, त्या वर्षी रोवणी साधण्यासाठी व घरातील माणसे जगविण्यासाठी सावकाराखेरीज आधार नसे. बियाण्याचे धान सवाईने वा दिढीने घ्यावयाचे, म्हणजे खंडीमागे पीक हाती येताच सव्वा किंवा दीड खंडी परत करावयाची, हा शिरस्ता होता. तेव्हा कर्ज हा येथे अपवाद नसून शेतीच्या वार्षिक क्रमाचाच एक भाग होता. प्रश्न निर्माण झाला तो हे कर्ज फेडीच्या शक्यतेपलीकडे कसे गेले, हा.

१८५३ मध्ये तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे मालगुजारी पद्धतीत गावाच्या सारावसुलीची जबाबदारी वाहणाऱ्यांना जमिनीची मालकी देण्यात आली. विकता व गहाण ठेवता येणारी मालकी हाती आल्याबरोबर मालगुजाराची पत वाढली आणि तिच्याबरोबर त्याचे कर्जही वाढले. दुसरीकडे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या दस्तऐवजावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा दस्तऐवज करून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ रक्कम किती होती, हे ऋणकोलाही सांगता येत नसे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी ही स्थिती उघडी पाडली. १८९१ च्या तुलनेत १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली दिसते. १८७५ च्या दंग्यांनंतर दख्खनच्या चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये शेतकरी साहाय्य कायदा झाला होता व त्याने दिवाणी न्यायालयास दस्तऐवजामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला होता. तो मुंबई इलाख्याचा कायदा होता. मध्य प्रांतातील भंडाऱ्यास तो लागू नव्हता. मध्य प्रांतात १८९८ च्या कूळ कायद्याने जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आले आणि दुष्काळानंतर सरकारी अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने धनको व ऋणको यांच्यात समेट घडविण्याचे प्रयत्न झाले. या प्रयत्नांतूनच पुढील कायद्याची कल्पना रुजली.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर आले. कर्ज मात्र रुपयांत लिहिलेले होते. ज्या कर्जाची फेड पूर्वी दहा खंडी धानात झाली असती, त्यासाठी आता वीस खंडी लागणार होत्या. एका वर्षात कर्ज दुप्पट झाले असे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. पण कोठारात ते तसेच झाले होते.

या परिस्थितीत १९३३ चा मध्य प्रांत कर्जतडजोड कायदा झाला. भारतातील अशा स्वरूपाच्या कायद्यांत तो अग्रेसर होय. पंजाब व बंगाल यांनी त्याच मार्गाने अनुक्रमे १९३४ आणि १९३५ मध्ये कायदे केले. ऋणको किंवा धनको यांपैकी कोणीही मंडळाकडे अर्ज करावा, मंडळाने सर्व धनकोंना आपापले येणे कागदपत्रांसह मांडावयास लावावे आणि परस्परसंमतीने रक्कम व हप्ते ठरवावे, अशी त्याची योजना होती. कायदा संमतीचा होता, तरी ती संमती मिळविण्याची साधने त्यात होती. मुदतीत न दाखविलेले येणे बुडीत ठरे. रास्त देकार नाकारणाऱ्या धनकोविरुद्ध मंडळ दाखला देई आणि तसा दाखला असल्यास पुढील दाव्यात न्यायालय त्याला खर्च, अथवा दरसाल सहा टक्क्यांहून अधिक व्याज देत नसे.

या योजनेचे मर्म केवळ रक्कम कमी करण्यात नव्हते. अनेक धनको असलेल्या माणसाची खरी अडचण अशी की, जो प्रथम हुकूमनामा मिळवील तो मालमत्ता घेऊन जाईल, या भीतीने प्रत्येक धनको घाई करतो. सवलत देणाऱ्यास वाटते की, आपल्या सवलतीचा लाभ दुसऱ्या सावकारास मिळेल. सर्व येणी एकाच ठिकाणी मांडली गेली की ही शर्यत थांबते. मग धनकोलाही हिशेब करता येतो, की कागदावरील मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी हाती येणारा लहान हप्ता अधिक मोलाचा आहे. मंदीत जमिनीला गिऱ्हाईकच नसल्याने हा हिशेब त्यास पटण्याजोगा होता.

मात्र या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. थकलेला हप्ता जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल होई. म्हणजे पीक बुडाल्यास सावकाराच्या जागी सरकारी वसुली उभी राही. ज्याच्याजवळ जमीन नाही, ज्याचे कर्ज मूठभर धानाचे व तोंडी आहे, अशा शेतगड्यास मंडळाचा उपयोग फारसा नव्हता. शिवाय जुने कर्ज तडजोडीत आले तरी पुढील रोवणीसाठी भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला. येणे कापले गेलेला सावकार नवे कर्ज देण्यास नाखूष असे, आणि मंदीने सहकारी पतसंस्थाही खिळखिळ्या झाल्या होत्या. १९३९ च्या ऋणमुक्तता कायद्याने संमतीऐवजी न्यायालयामार्फत सक्तीची कपात आणली. पतपुरवठ्याची उणीव त्यानेही भरून निघाली नाही.

पुढील काळात उपाय बदलले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९७५ च्या वटहुकुमाने व त्यानंतरच्या कायद्याने महाराष्ट्रातील सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे रद्द करण्यात आली. १९३३ च्या योजनेबाहेर राहिलेला वर्ग येथे प्रथमच केंद्रस्थानी आला. २००८, २०१७ व २०१९ मधील कर्जमाफी योजना संस्थात्मक कर्जापुरत्या होत्या. खासगी सावकाराचे देणे त्यांच्या कक्षेत येत नव्हते आणि त्याच्या नियमनासाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे.

तडजोड आणि माफी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. माफीत एका प्रकारचे कर्ज पुसले जाते. तडजोडीत ऋणकोच्या सर्व देण्यांचा एकत्र विचार होतो आणि त्याची फेडण्याची शक्ती हाच मापदंड ठरतो. १९३३ चा कायदा आज इतिहासजमा झाला असला, तरी हे तत्त्व त्याज्य ठरत नाही. त्याच्या अनुभवाचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे: मागील देणे आटोक्यात आणणे हे अर्धे काम होय, पुढील हंगामाचे बियाणे कोणत्या अटीवर मिळते, यावरच ते टिकते.