भोरवरून गेलेली रेघ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले आणि तेथून तेच टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रास गाठले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु जुहू व बल्लारी ही दोन ठिकाणे नकाशावर सरळ रेघेने जोडली असता ती रेघ सह्याद्री ओलांडून भोर शहराच्या अगदी जवळून जाते, याकडे सहसा कोणाचे लक्ष गेलेले नाही. हे अंतर सुमारे ३८५ मैलांचे, आणि ताशी शंभर मैलांच्या आसपास चालणाऱ्या त्या पस मॉथ विमानाला चार तासांत तोडता येण्याजोगे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टाटांचे बिऱ्हाड घाटावर, पुण्यास येरवड्याच्या मैदानात येई. सह्याद्रीच्या पावसापुढे विमानासही मुक्काम हलवावा लागे, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

कारण ज्या भोर संस्थानावरून ही रेघ जाते, त्याचा सारा कारभार याच डोंगराशी आणि याच पावसाशी झगडत चालला होता. राजाराम महाराजांच्या काळी सचिवपद लाभलेल्या शंकराजी नारायणांच्या वंशजांचे हे राज्य. त्याचे तालुके विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशा किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात आणि त्यांतला सुधागड तालुका तर घाटाखाली, पालीच्या बाजूस होता. भोर व पाली यांमधील हवाई अंतर सुमारे ५० मैल, म्हणजे जुन्या हिशेबाने २५ कोस. व्हिन्सेंटच्या विमानाला अर्धा तास पुरता. परंतु हुजुरातीचा कागद घेऊन सरळ वाटेने निघालेल्या जासुदास वेळवंडी, गुंजवणी, आंबी, मोशी, मुठा, मुळा अशी एकामागून एक नद्यांची खोरी ओलांडावी लागत, दर दोन खोऱ्यांमधली डोंगराची धार चढून उतरावी लागे, आणि एवढे करून घाटमाथा गाठला म्हणजे तैलबैल्यानजीकच्या सवाष्णीच्या घाटासारखी उभी वाट पुढे असे. या मुलखातला कोस जमिनीच्या लांबीपेक्षा चढावर आणि नदीच्या पाण्यावर अवलंबून होता. चैत्रात जी मजल सहज पुरी व्हावी, तिला आषाढात कोणीही मुदत घालून देऊ शकत नसे. दप्तराची तपासणी हेच ज्या सचिवपदाचे मूळ काम, त्याच्या वारसांना आपल्याच तालुक्याच्या कागदाची वाट पाहावी लागे. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट गाडीवाटेचा झाला, तरी पालीस त्याचा उपयोग आडवळणाचाच.

घाटाखालचा हा तालुका संस्थानाने अशा वाटांच्या आधारावर अखेरपर्यंत सांभाळला, यातली चिकाटी मला त्या संस्थानाच्या दरबारी वैभवापेक्षा मोठी वाटते. १९४८ साली ८ मार्च रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्याकडे गेले, सुधागड कुलाब्याकडे गेला, आणि अडीचशे वर्षांच्या राज्याने घाटाच्या दोन्ही अंगांस जो मुलूख एकत्र बांधून ठेवला होता, त्याची सरहद्द पुन्हा घाटमाथ्यावर आली. तेव्हापासून भोरचा कागद पालीस जाण्याचे कारण उरले नाही.