भरतीच्या गणितापासून नियंत्रणकक्षापर्यंत : द्रोणागिरीच्या निमित्ताने वाहतूकसेवेच्या साधनांचा विचार

सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच वाहनांकडे जाते. घोड्यांची ट्राम, वाफेचे इंजिन, विजेची गाडी, मोटारबस अशी मालिका मांडली म्हणजे इतिहास पुरा झाला, असा समज रूढ आहे. परंतु वाहन चालणे निराळे आणि सेवा चालणे निराळे. ठरलेल्या ठिकाणाहून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात नेण्याचे वचन म्हणजे सेवा होय. ते वचन पाळण्यासाठी घड्याळ, वेळापत्रक, तिकीट, वे-बिल, सिग्नल आणि नियंत्रणकक्ष अशी एक दुसरीच साधनपरंपरा लागते. प्रस्तुत लेखात या परंपरेचा विचार द्रोणागिरी हे ठिकाण समोर ठेवून केला आहे. ही साधने प्रथम कोणासाठी निर्माण झाली आणि त्यांनी कशाची नोंद केली, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

१. समुद्राची वेळ

द्रोणागिरी हे मुळात उरणजवळ करंजाच्या बाजूस असलेल्या डोंगराचे व त्यावरील किल्ल्याचे नाव. पुढे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईची आखणी करताना तेच नाव एका नगरविभागास दिले आणि अखेरीस ते रेल्वेस्थानकाच्या पाटीवर आले. या टापूचा मुंबईशी जुना संबंध पाण्यावरचा आहे. भाऊचा धक्का ते मोरा हा लाँचचा मार्ग त्याचा अवशेष होय. मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही व फेऱ्या थांबवाव्या लागतात. अशा ठिकाणी वेळापत्रक घड्याळाने एकट्याने ठरत नाही; त्याला चंद्राची संमती लागते.

कोकण किनाऱ्यावर यासाठी एक सुटसुटीत गणित प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. हे गणित वाहतूकसेवेचे एक साधनच होते, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की ते तांडेलाला जितके ठाऊक होते तितकेच धक्क्यावर वाट पाहणाऱ्या उतारूलाही ठाऊक होते. सेवा चालविणारा आणि सेवा घेणारा यांचे ज्ञान येथे समान होते.

२. आगगाडीची वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि ही समानता मोडली. रेल्वेस सर्व स्थानकांवर एकच वेळ हवी होती. गावोगावची स्थानिक वेळ तिच्या कामाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी मुंबई महापालिकेने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली ही 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकली.

रेल्वेची वेळ लोकांनी अखेर पूर्णपणे आत्मसात केली, याचा पुरावा भाषेत सापडतो. मुंबईचा नोकरदार गाडीला तिच्या मिनिटाने ओळखतो. 'आठ-बाराची गेली' या वाक्यात वेळ हे विशेषण राहिलेले नाही. ते गाडीचे नाव झाले आहे. परंतु हे ज्ञान वरून खाली आलेले आहे. गाडी 'लेट' आहे की रद्द झाली आहे, हे उतारूस तिथीवरून काढता येत नाही. त्यासाठी त्याला संस्थेच्या तोंडाकडे पाहावे लागते.

३. हिशेबाची साधने

तिकिटाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. इंग्लंडमधील स्थानकप्रमुख टॉमस एडमंडसन याने १८३० नंतरच्या दशकात पुठ्ठ्याचे छापील, अनुक्रमांक असलेले तिकीट प्रचारात आणले. भारतातील रेल्वेनेही दीर्घकाळ तेच वापरले. अनुक्रमांकाचा हेतू उतारूची सोय हा नव्हता. दिवसअखेर किती तिकिटे विकली आणि किती पैसे जमा झाले, यांचा मेळ घालणे हा तो हेतू होता.

एस. टी.चेही असेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली बस निघाली. तेव्हापासून कित्येक दशके कंडक्टरच्या हाती तिकिटांचा ट्रे, चिमटा आणि वे-बिल होते. टप्प्याटप्प्यावर तिकिटांचे आकडे वे-बिलावर चढवावे लागत आणि तपासनीस गाडीत चढला की पहिला हात त्या कागदाला घाली. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. तरी 'वे-बिल' हा शब्द टिकला, कारण कामाचा हेतू बदलला नव्हता. मात्र यंत्राने एक नवी शक्यता आणली. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. मोफत प्रवाशालाही तिकीट द्यावेच लागते, कारण त्या तिकिटाच्या नोंदीवर शासनाकडून मिळणारी भरपाई अवलंबून असते. शून्य रुपयांचे तिकीट हे सवलतीच्या हिशेबाचे साधन झाले.

रेल्वेचा मासिक पास याच्या उलट आहे. तो प्रवासाचा अधिकार नोंदवितो, प्रवास नोंदवीत नाही. कोणत्या गाडीत किती माणसे चढली, हे पासांच्या संख्येवरून कळत नाही. २०१४ साली मुंबईत मोबाइलवर अनारक्षित तिकीट मिळू लागले, त्यानेही विक्रीची वेळ कळली. वाट पाहण्याची वेळ कळली नाही.

४. नियंत्रणाची साधने

सिग्नलव्यवस्थेचा प्रवास दाट वाहतुकीकडून विरळ वाहतुकीकडे झालेला दिसतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा या भागात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसले. यामुळे दोन गाड्यांतील अंतर कमी करता आले. पुढे नियंत्रणकक्षातील मोठ्या पडद्यावर प्रत्येक गाडीचे स्थान दिसू लागले आणि त्याच माहितीवर फलाटावरचे इंडिकेटर चालू लागले. जे नियंत्रकाला दिसते त्याचा अंश उतारूलाही दिसावा, ही कल्पना येथे प्रथम मूर्त झाली. तिला हातातल्या फोनपर्यंत नेण्याचे काम आरंभी रेल्वेने केले नाही. 'एम-इंडिकेटर'सारख्या खाजगी प्रयत्नाने केले. गाडीची प्रत्यक्ष जागा दाखविणारी रेल्वेची व बसची अधिकृत साधने त्यानंतर आली.

५. विरळ सेवेचा प्रश्न

नेरूळ–उरण मार्गाच्या खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के व रेल्वेचा ३३ टक्के ठरला. खारकोपरपर्यंतचा टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि तेथून उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याने द्रोणागिरी उपनगरी रेल्वेच्या नकाशावर आली. मुख्य मार्गांच्या मानाने येथील गाड्या विरळ आहेत.

या विरळपणाचे गणित साधे आहे. चार मिनिटांनी गाडी असेल तर वेळ न पाहता येणारा उतारू सरासरी दोन मिनिटे थांबतो. एक गाडी रद्द झाली तर फलाटावरचे अंतर आठ मिनिटांचे होते. तासाने गाडी असेल तर तोच उतारू सरासरी अर्धा तास थांबतो आणि एक गाडी रद्द झाल्यास अंतर दोन तासांचे होते. संस्थेच्या वक्तशीरपणाच्या टक्केवारीत मात्र दोन्हीकडे 'एक गाडी' एवढीच नोंद होते. दाट मार्गावर वेळापत्रक न पाहता चालते. विरळ मार्गावर वेळापत्रक हीच सेवा असते. म्हणजे अचूक माहितीची गरज जेथे सर्वांत अधिक, तेथे ती साधने सर्वांत उशिरा पोचतात, कारण त्यांची आखणी गर्दी व महसूल पाहून होते.

याहून गंभीर बाब अशी की, कंटाळून रिक्षाने गेलेल्या किंवा घरीच राहिलेल्या माणसाचे तिकीट कोठेच फाटत नाही. न झालेला प्रवास कोणत्याही वे-बिलावर चढत नाही, कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. मग कमी तिकिटे विकली जातात म्हणून कमी गाड्या, आणि कमी गाड्या म्हणून कमी तिकिटे, असे चक्र तयार होते. आणि यंत्राची नोंद त्या चक्राला पुराव्याचे रूप देते.

तात्पर्य, वाहतूकसंस्थेची साधने केवळ तांत्रिक नसतात; काय मोजावे याचा निर्णय त्यांत आधीच झालेला असतो. तिकिटाने पैसा मोजला, सिग्नलने अंतर मोजले, नियंत्रणकक्षाने गाडी मोजली. उतारूचे थांबणे मोजणारे साधन अद्याप संस्थेच्या हिशेबात स्थिरावलेले नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या उतारूला लाँच का आली नाही हे समुद्राकडे पाहून कळत होते. द्रोणागिरीच्या फलाटावर तेवढे ज्ञान उतारूच्या हाती देणे, ही या साधनांची पहिली कसोटी मानली पाहिजे.