मेलेल्या ढोराची शाळा

यवतमाळच्या कापूसपट्ट्यात मेलेले ढोर ओढणे महारांच्या माथी मारलेले होते. ढोर फाडताना मांडीचे मांस काळे, वायूने फुगलेले दिसले की फऱ्या. रक्त काळे, न गोठणारे दिसले की काळपुळी. हे ज्ञान घरातच मिळे, आणि काळपुळी फाडणाऱ्यालाही गाठी.

१८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. या विद्येची नोंद तिथे झाली नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. पुढे गावोगाव ढोरे ओढणेही सुटले. वेठ सुटली, हे योग्यच झाले.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने किरकोळ उपचाराची मुभा पदविका-प्रमाणपत्रधारकांना, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली दिली. म्हणून घरी शिकणाऱ्या मित्रांनो, गोठ्यातली जाण पुरेशी नाही, प्रमाणपत्र मिळवा. मेलेले ढोर आपल्यावर लादले गेले. जिवंत ढोराचे औषध आपण हक्काने मागू.